तांबं हवंय, मग खाण का नको? टूसॉनहून एक उत्तर

तुमचा प्रश्न असा आहे: ॲरिझोनात सरकारी जंगलात तांब्याची खाण होऊ नये म्हणून लोक वर्षानुवर्षं भांडतायत, पण तांबं तर सगळ्यांनाच लागतं, इलेक्ट्रिक गाड्यांना तर जास्तच. मग हा दुटप्पीपणा नाही का? आणि शेवटी जिंकलं कोण?

मी ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात राहतो, दहाएक वर्षं झाली. मूळचा माणदेशातला. इथली मेस्किटची झाडं म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीची चुलत भावंडं, आणि गावातून जाणारी सांता क्रूझ नदी म्हणजे बहुतेक दिवस नुसती वाळू. त्यामुळे इथे परकं असं फारसं वाटलंच नाही. ज्या खाणीबद्दल तुम्ही वाचलंत ती रोझमॉन्ट. शहराच्या आग्नेयेला पन्नासेक किलोमीटरवर सांता रिटा डोंगररांग आहे, तिच्या पूर्व उतारावर ती होणार होती.

आधी दुटप्पीपणाचं बघू. तांब्याला नाही म्हणणारा माणूस मला इथे अजून भेटलेला नाही. अमेरिकेतलं सत्तरेक टक्के तांबं एकट्या ॲरिझोनातून निघतं. टूसॉनहून दक्षिणेला निघालात की हायवेच्या पश्चिमेला सपाट माथ्याचे पांढुरके डोंगर लागतात. आमच्याकडे पहिल्यांदा आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, हे किल्ले कसले? ते जुन्या खाणींच्या गाळाचे ढीग आहेत. म्हणजे खाण म्हणजे काय, हे या लोकांना कोणी समजावून सांगायची गरज नाही. त्यांचा सवाल एवढाच होता: आणखी एक, आणि तीही तिथेच का?

प्रकरणाचा आकार बघा. खड्डा जवळपास दोन किलोमीटर रुंद आणि नऊशेएक मीटर खोल. खनिजात तांबं अर्ध्या टक्क्याच्याही आत. शंभर टन दगड फोडला तरी अर्धा टनही तांबं हाती येत नाही, बाकी सगळं तिथेच कुठेतरी टाकायचं. हे ‘बाकी सगळं’ सुमारे १९० कोटी टन होणार होतं आणि ते कोरोनाडो राष्ट्रीय जंगलाच्या २,४४७ एकरांवर रचायचं होतं. हा कचऱ्याचा आकडा लक्षात ठेवा, खटला पुढे त्याच्यावरच फिरला.

पाण्याचं दुखणं वेगळं. खड्डा भूजलाच्या पातळीखाली जातो, म्हणून खाण चालू असेपर्यंत पाणी उपसत राहायचं. खाण बंद झाली की खड्ड्यात तळं साचतं, त्याची वाफ होत राहते आणि ते आजूबाजूचं पाणी ओढत बसतं, कायमचं. डोंगराच्या खाली सिएनेगा क्रीक आहे. या भागात बारमाही वाहणारे ओढे बोटांवर मोजण्याइतके उरलेत, त्यातला हा एक, आणि त्याचं पाणी पुढे टूसॉनच्या भूजलातच मुरतं. दुष्काळी तालुक्यात वाढलेल्या माणसाला यापुढचं सांगायला नको.

विरोध करणारी मंडळीही एका साच्यातली नव्हती. टेकडीवर गुरं राखणारे रँचर होते, ज्यांची मतं एरवी पर्यावरणवाल्यांशी कधी जुळत नाहीत. ग्रीन व्हॅलीतले निवृत्त आजी-आजोबा होते. पक्षी बघणारे होते. याच रांगेतल्या माउंट हॉपकिन्सवर व्हिपल वेधशाळा आहे, म्हणून रात्रीच्या उजेडाची आणि धुळीची काळजी असलेले खगोलशास्त्रज्ञ होते. आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधीपासून इथे असलेले तोहोनो ओओधाम, पास्क्वा याकी आणि होपी लोक होते, ज्यांच्या पूर्वजांची गावं आणि कबरी त्या ढिगाऱ्याखाली जाणार होत्या. ‘सेव्ह द सीनिक सांता रिटाज’ ही संघटना १९९६ची, म्हणजे आधीच्या एका कंपनीच्या प्रस्तावाच्या वेळची. कंपन्या बदलत गेल्या, संघटना तीच राहिली.

एक जग्वारही होता. अमेरिकेत त्या काळात दिसत असलेला एकुलता एक रानटी जग्वार, याच डोंगरात. शाळेच्या पोरांनी मतदान घेऊन त्याचं नाव ‘एल हेफे’ ठेवलं, म्हणजे आपल्या भाषेत ‘साहेब’. टी-शर्टांपासून भिंतींवरच्या चित्रांपर्यंत सगळीकडे तोच. पण मांजर कितीही देखणं असलं तरी खटला त्याने जिंकून दिला नाही.

आता खरी गंमत. अमेरिकेत सार्वजनिक जमिनीवरच्या अशा खाणींना आजही १८७२चा कायदा लागू आहे. तेव्हा पश्चिमेत माणसं वसवायची होती. जमिनीत मोलाचं खनिज सापडलं की खुंट्या ठोकून दावा लावायचा. प्रत्येक दाव्यामागे वर्षाला दोनशे डॉलरच्या आसपास भरायचे आणि काढलेल्या तांब्यावर केंद्र सरकारला रॉयल्टी शून्य. (हो, शून्य. मीही दोनदा वाचलं होतं.) वनखात्याची वर्षानुवर्षं भूमिका अशी की आम्ही अटी घालू शकतो, खाणीला ‘नाही’ म्हणू शकत नाही. म्हणजे पाणी, कबरी, जग्वार हे सगळं अहवालात लिहून घ्यायचं, त्याचे खंड छापायचे आणि शेवटी परवानगी द्यायची. २०१७ साली ती दिलीच.

मग वकिलांनी वेगळीच फट शोधली. कायदा म्हणतो, मोलाचं खनिज सापडलेल्या जागेवर तुमचा हक्क. ठीक आहे, खड्ड्याखाली तांबं आहे. पण जिथे १९० कोटी टन कचरा टाकणार, त्या २,४४७ एकरांखाली काय आहे? तिथेही कंपनीचे दावे लावलेले होते, पण मोलाचं खनिज असल्याचा पुरावा काहीच नव्हता. आणि कचऱ्याखाली कायमची पुरायची म्हणता त्या जमिनीत धन आहे, हे पटवायचं तरी कसं? वनखात्याने ते दावे खरेच आहेत असं न तपासता गृहीत धरलं होतं. ३१ जुलै २०१९ रोजी टूसॉनचे न्यायाधीश जेम्स सोटो यांनी परवानगी रद्द केली. काम सुरू व्हायच्या बेतात होतं. मे २०२२मध्ये नवव्या सर्किट अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी तोच निकाल कायम केला.

म्हणून मी म्हणतो की लोकांचं म्हणणं आणि न्यायालयाने ऐकलेलं म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक ओरडत होते पाण्यासाठी, निकाल लागला कचऱ्याच्या जागेवर. आपल्याकडे ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ साली ग्रामसभांना थेट विचारलं गेलं, तुम्हाला खाण हवी का, आणि बाराच्या बारा सभा ‘नको’ म्हणाल्या. इथे तो प्रश्न विचारायला कायद्यात जागाच नाही. अमेरिकेची व्यवस्था म्हणजे सगळं आपल्यापेक्षा पुढारलेलं, असं समजणाऱ्यांना मी हे मुद्दाम ऐकवतो.

जिंकलं कोण? इथे उत्तर जरा कडू होतं. हडबे ही कॅनडाची कंपनी; तिने २०१४मध्ये हा प्रकल्प घेतला होता. २०१९च्या निकालानंतर ती डोंगराच्या पलीकडे, पश्चिम उतारावर सरकली. नव्या प्रकल्पाचं नाव कॉपर वर्ल्ड. खड्डे आणि ढीग सुरुवातीला स्वतःच्या खासगी जमिनीवर, म्हणजे वनखात्याचा संबंधच नको. राज्याचा भूजलाचा परवाना २०२४मध्ये मिळाला, हवेचा जानेवारी २०२५मध्ये, आणि त्याच वर्षी मित्सुबिशीने ६० कोटी डॉलर देऊन तीस टक्के हिस्सा घ्यायचं ठरवलं. पूर्वेकडचं सरकारी जंगल सध्या वाचलंय. पश्चिमेकडचा उतार साहुआरिता आणि ग्रीन व्हॅली या गावांच्या थेट समोर आहे, म्हणजे उलट माणसांच्या जास्त जवळ.

खाणीच्या बाजूनेही लोक आहेत, हे सांगायला हवं. कायमच्या चारशेएक चांगल्या पगाराच्या नोकऱ्या म्हणजे इथे थोडक्या नव्हेत. माझ्या ओळखीचा एक वेल्डर मला सरळ म्हणाला होता, तुला काय, तू लॅपटॉपवर पोट भरतोस. त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

साहुआरिताच्या बाजूला माझे एक परिचित राहतात, सत्तरीचे. आयुष्यभर खाणीत काम केलं, पेन्शन खाणीची. त्यांच्या घराला नळ नाही, स्वतःची बोअर आहे. एका सुनावणीला आम्ही बरोबर गेलो होतो, पण ते बोलायला उठले नाहीत. दर महिन्याच्या एक तारखेला ते बोअरमध्ये वजन बांधलेली टेप सोडतात, पाणी किती फुटांवर लागलं ते वहीत लिहितात आणि खाली सही करतात. सही कशाला, असं विचारलं तर म्हणाले, उद्या कोणी म्हणायला नको की पाणी आधीपासूनच खाली होतं.