बागेत एकाच झाडाची जागा आहे, सावलीचं झाड लावू की लिंबू?

तुमचा प्रश्न मला असा समजला: घराच्या पश्चिमेला भिंतीपासून कुंपणापर्यंत साधारण ९ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद मोकळी जागा आहे. दुपारनंतर ती भिंत तापते, खोलीत बसवत नाही. म्हणून सावली हवी, पण घरच्या लिंबाची हौसही आहे, आणि जमिनीत झाड एकच लावायचं आहे.

मी जमीन सावलीच्या झाडाला देईन आणि लिंबू मोठ्या कुंडीत लावेन. लिंबू कुंडीत वर्षानुवर्षं फळतं, सावलीचं झाड कुंडीत सावली देत नाही. पण हे सगळ्यांना लागू नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मी स्वतः याच्या उलट करून बसलो होतो. आधी लिंबू लावलं. ते छान वाढलं, तिसऱ्या वर्षी फळलं. मग उन्हाचा त्रास वाटू लागला म्हणून त्याच्या पश्चिमेला, जेमतेम तीन मीटरवर, भराभर वाढणारं एक झाड लावलं. चार-पाच वर्षांत त्या झाडाने डोकं वर काढलं आणि लिंबू उजेडाच्या शोधात एका बाजूला झुकत गेलं. पानं हिरवीगार, फांद्या लांबच लांब, फुलं मात्र नावाला. खत घातलं, छाटणी केली, काही दिवस पाणी तोडून झाडाला ताण देऊन पाहिला. रोग नव्हताच, ऊन गेलं होतं. संत्रं, मोसंबी, लिंबू या सगळ्या वर्गाला रोज सहा ते आठ तास थेट ऊन लागतं. त्याहून कमी मिळालं तर झाड जगतं, फळत नाही. म्हणजे दोन्ही झाडं एकाच उन्हावर टपलेली असतात. एक ते अडवतं, दुसऱ्याला ते हवं असतं. जवळजवळ लावली की भांडण ठरलेलं, आणि जिंकतं उंच झाड.

आता तुमच्या भिंतीचं. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, त्यामुळे झाड घरावर झुकलेलं असायची गरज नसते, लांबूनही भिंत झाकता येते. सूर्य क्षितिजापासून साधारण ४५ अंश वर असताना झाडाची सावली त्याच्या उंचीइतकीच लांब पडते. म्हणजे भिंतीपासून पाच मीटरवर सहा मीटर उंचीचं झाड असेल तर तेव्हा भिंतीचा फक्त खालचा एक मीटर झाकला जाईल. ऊन ३० अंशांवर उतरलं की सावली तीन मीटरपर्यंत चढते, म्हणजे एक मजला झाला. त्यापुढचा वेळ सगळा सावलीचा. भिंत तापल्यावर दुपारचं ऊन साठवते आणि रात्री खोलीत सोडते, म्हणून शेवटचे दोन-तीन तास अडवले तरी रात्री फरक जाणवतो. शिवाय पानांतून पाण्याची वाफ होते, त्याने आजूबाजूची हवा थोडी गार राहते. तो फायदा पत्र्याच्या छपराला नाही.

आता लिंबाच्या बाजूने बोलायचं तर त्याचीही सावली पडते. चार मीटर उंच झालेलं लिंबू भिंतीपासून तीन मीटरवर असेल तर ३० अंशांच्या उन्हात भिंतीचा सव्वादोन मीटर भाग झाकतं. एखादी खिडकी सहज सावलीत जाते. तुमची अडचण एवढीच असेल आणि घर एकमजली असेल, तर फक्त लिंबू लावा, मोकळे व्हा. पश्चिमेला घराच्या आडोशाने सकाळचं ऊन मिळणार नाही, पण दुपारपासून मावळेपर्यंत सहा तास मिळाले तर काम भागतं. मात्र तापलेल्या भिंतीला चिकटून लावू नका, उष्ण हवेत पानं करपतात. थंड हवेच्या ठिकाणी तीच भिंत उपकाराची ठरते.

पण लिंबाखाली खुर्ची टाकून बसायचा विचार असेल तर सोडून द्या. फांद्या खाली लोंबतात, काटे असतात, आणि खालच्या फांद्या छाटून खोड उघडं केलं तर झाडाला सोसत नाही, कडक उन्हाने साल भाजते. लहान मुलं खेळणार असतील तर हे आधीच ध्यानात घ्या. सावलीच्या झाडाच्या खालच्या फांद्या मात्र दरवर्षी थोड्या थोड्या छाटून सावली डोक्याच्या वर चढवत न्यायची असते. माझ्या मते त्या जागेत माणूस बसणार आहे की नुसती भिंत झाकायची आहे, यावरच बराचसा निकाल लागतो.

सावलीचं झाड कोणतं? इथे घाई नडते. जे झाड फार भराभर वाढतं त्याचं लाकूड बहुधा ठिसूळ असतं आणि वादळात फांद्या मोडतात. गुलमोहर दिसायला देखणा, पण मुळं वरवर पसरतात, फरशी उचलतात, फांद्याही मोडक्या. वड, पिंपळ, उंबर यांचं घराजवळ नावच काढू नका. बहावा मला फार आवडतो, तरी या कामासाठी सांगणार नाही. कारण तो ऐन उन्हाळ्यात पानं गाळून फुलतो, म्हणजे तुम्हाला सावली हवी तेव्हा तुमच्यासमोर पिवळी झुंबरं लटकतील आणि ऊन सरळ आत येईल. बकुळ हळू वाढतो, पण सदाहरित आणि दाट असतो. करंज त्याहून लवकर सावली धरतो, वर्षातून थोडे दिवस पानं गाळतो आणि शेंगांचा कचरा करतो. पाच मीटरच्या अंतरावर मी या दोघांपैकी एक निवडेन. थंडी कडक असेल आणि हिवाळ्यात ऊन घरात यायला हवं असेल, तर पानगळीचं झाड बरं.

अंतराचं लोक घाबरून विचारतात, म्हणून सांगतो. मुळं पाया फोडतात असं सरसकट म्हणता येत नाही. चिकण मातीत मुळं पाणी ओढतात, माती आकसते आणि त्यावरचं बांधकाम हलतं. नळाच्या किंवा मोरीच्या जोडाला आधीच फट असेल तर मुळं ओलीच्या मागे आत शिरतात. म्हणून मध्यम झाडाला घरापासून निदान पाच मीटर सोडा, आणि झाडाचा विस्तार वीस वर्षांनी कुंपणापलीकडे जाणार नाही हेही बघा. लावायच्या आधी एक बांबू उभा करून दुपारी तीन, चार, पाच वाजता त्याची सावली कुठवर येते त्या खुणा करा. ऋतूप्रमाणे सूर्याची जागा सरकते, तेव्हा हे जमल्यास कडक उन्हाच्या महिन्यात करा. रोपाच्या बाबतीत माझा अनुभव असा की हातभर उंचीचं निरोगी रोप पुष्कळदा माणसाएवढ्या रोपाला गाठतं, कारण मोठ्या रोपाची मुळं पिशवीत गोल गुंडाळली गेलेली असतात. गुंडाळलेली दिसली तर लावताना मोकळी करा.

आता कुंडीतलं लिंबू. बी पेरून येतं, पण फळायला बहुधा पाच वर्षं किंवा जास्त लागतात, कलम दोन-तीन वर्षांत फळतं. कलम घेताना डोळा भरलेली जागा, म्हणजे लिंबाचा डोळा दुसऱ्या झाडाच्या खोडावर (त्याला खुंट म्हणतात) जिथे जोडलेला असतो तो जोड, शोधून ठेवा. ती नेहमी मातीच्या वर राहिली पाहिजे, निदान वीतभर. जोडाखालून फुटवा आला की तो लगेच मोडून काढायचा. तो खुंटाचा असतो, तुमच्या लिंबाचा नाही. पानांचा आकार वेगळा, काटे लांब, वाढ जोमाची. मी एकदा हे फुटवे नवा जोम समजून कौतुकाने वाढू दिले. दोन वर्षांत वरचं कलम वाळलं आणि कुंडीत नुसतं काटेरी झाड उरलं.

कुंडी पन्नास-साठ लिटरची घ्या, अर्धा ड्रमही चालेल, पण खाली पाणी जायला भरपूर भोकं असू द्या. लिंबाला पाणी साचलेलं अजिबात खपत नाही. खोडापाशी ओल राहिली की डिंक्या होतो, सालीतून डिंक ओघळतो, मग झाड वाचवणं अवघड. जमिनीत लावणाऱ्यांनीही म्हणून खोडाभोवती मातीचा छोटा उंचवटा करून पाणी बाहेरच्या आळ्यात द्यावं. फळं धरल्यावर पाणी कधी भरपूर, कधी विसरून, असं झालं तर फळं गळतात किंवा तडकतात. दर दोन-तीन वर्षांनी वरची माती काढून शेणखत मिसळलेली नवी भरायची.

कुंडी घराच्या उन्हाच्या बाजूला ठेवा, सावलीच्या झाडापासून लांब. उत्तर गोलार्धात राहत असाल तर दक्षिण किंवा आग्नेय दिशा बरी, दक्षिण गोलार्धात उत्तर. जागा चुकली तर कुंडी सरकवता येते.

कोवळ्या पानांवर पांढरी नागमोडी रेघ दिसली तर ती नागअळी. मोठ्या झाडाला तिचा फारसा त्रास होत नाही, रोपाची मात्र ती पानं काढून टाका. आणि पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं तर निरखून पाहा. ती बहुधा फुलपाखराची अळी असते, काडीने डिवचलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. एक-दोन असतील तर मी राहू देतो, चार-पाच झाल्या तर हाताने उचलून काढतो, नाहीतर लहान झाडाची सगळी पानं फस्त व्हायला आठवडा पुरतो.