वाचकांचे प्रश्न : चाळीस पुस्तकांच्या यादीतले नेमके काय वाचावे?

प्रश्न : मी उद्यमबागेतील एका फौंड्रीत (धातू ओतण्याच्या कारखान्यात) अठरा वर्षे मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारा कारागीर होतो आणि गेल्या दिवाळीपासून शिफ्टचा सुपरवायझर झालो आहे. हाताखाली बावीस जण आहेत, त्यांतले निम्मे कन्नड बोलणारे आहेत. कंपनीने ‘कोचिंग आणि लीडरशिप’चे दोन दिवसांचे प्रशिक्षण दिले आणि शेवटी चाळीस इंग्रजी पुस्तकांची यादी हाती ठेवली. माझे इंग्रजी बेताचे आहे. यातले काय वाचावे? — एक वाचक, अनगोळ, बेळगाव

उत्तर : यादी तूर्त कपाटात ठेवावी आणि तीनच पुस्तके घ्यावीत. कोचिंग म्हटले की आपल्याला दहावीचे क्लास आठवतात, तालमीतला वस्ताद आठवत नाही, हे नवलच आहे. कारण पठ्ठ्याची कुस्ती वस्तादाने लढायची नसते, ही गोष्ट आपल्या भागात कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

पहिले पुस्तक टिमोथी गॅलवे यांचे ‘द इनर गेम ऑफ टेनिस’, हे १९७४ सालचे. गॅलवे टेनिस शिकवत. ‘मनगट असे धर, खांदा तसा वळव’ असे सतत बजावले की शिष्य अधिकच चुकतो, हे ध्यानात आल्यावर त्यांनी सूचना थांबवल्या आणि चेंडू टप्पा घेताना व रॅकेटला लागताना शिष्याला एकेक शब्द मोठ्याने उच्चारायला लावला. लक्ष चेंडूवर खिळले, तसा हात आपोआप सुधारू लागला. पुस्तक लहान आणि भाषा सोपी आहे, त्यामुळे सुरुवात इथूनच करावी.

एकेकाळचे मोटारशर्यतपटू जॉन व्हिटमोर यांनी हाच विचार कारखान्यांपर्यंत नेला. त्यांचे ‘कोचिंग फॉर परफॉर्मन्स’ १९९२ साली निघाले. काय साधायचे आहे, आज स्थिती काय आहे, मार्ग कोणकोणते आहेत आणि त्यांपैकी तू काय, कधी करणार, असा प्रश्नांचा क्रम त्यात आहे. ध्येय स्थितीच्या आधी मुद्दाम ठेवले आहे, कारण आजच्या अडचणीपासून सुरुवात केली की ध्येयही तेवढेच आखूड होते. मला स्वतःला हा क्रम फौंड्रीत दरवेळी पाळता येईलसे वाटत नाही. नापास कास्टिंगचा ढीग समोर असताना माणूस आधी ढिगाविषयीच बोलणार, आणि ते त्याला बोलू द्यावे.

आपल्या पत्रातली खरी महत्त्वाची ओळ मात्र भाषेची आहे, आणि तिचे उत्तर या दोन्ही पुस्तकांत शोधून मिळणार नाही. कोचिंगचा सगळा डोलारा प्रश्नावर उभा असतो, आणि प्रश्न ज्या भाषेत माणूस मनाशी विचार करतो त्या भाषेत नसेल, तर ‘होय साहेब’ यापलीकडे उत्तर येत नाही. साच्यातली वाळू ओली राहिली म्हणून ब्लो होल (ओतीव भागात वायूमुळे राहणारी पोकळी) पडले, हे हुक्केरीकडच्या मुलाला आपल्याआधी कळलेले असू शकते. पण आपण मराठीत ‘तुला काय वाटते?’ असे विचारले तर तो मान डोलावेल आणि ‘निनग एन अनस्तद?’ असे विचारले तर कदाचित बोलेल. बेळगावात आपल्यापैकी अनेकांचे कन्नड भाजीचा भाव करण्यापुरते असते. ते प्रश्न विचारण्यापुरते वाढवणे, हे मी चौथ्या पुस्तकाच्या जागी धरतो.

तिसरे पुस्तक रोनाल्ड हाइफेट्झ यांचे ‘लीडरशिप विदाउट ईझी आन्सर्स’, १९९४ सालचे. ते जड आहे, तेव्हा कॉलेजात जाणारे घरचे कोणी असेल तर त्याला सोबत घेऊन वाचावे. ज्याचे उत्तर जाणकाराजवळ तयार आहे तो प्रश्न वेगळा आणि जिथे माणसांनाच आपली सवय, मान किंवा समजूत सोडावी लागते तो प्रश्न वेगळा, हा त्यातला मुख्य भेद आहे. वाळूचा ओलावा पहिल्या प्रकारात येतो. नवे मोल्डिंग मशीन आल्यावर वीस वर्षांचा जुना कारागीर घुम्यासारखा बसतो, तेव्हा त्याला मशीन चालवण्याचे प्रशिक्षण देऊन भागत नाही. हाताचे कसब गेल्याचे दुःख आधी ऐकून घ्यावे लागते. आपण स्वतः मोल्डर होता, म्हणून हे प्रकरण आपल्याला व्यवस्थापनाच्या पदवीधरापेक्षा लवकर उमगेल.

बदलत्या जगाविषयीच्या पुस्तकांत भाकिते फार असतात आणि ती लवकर शिळी होतात. या तिघांनंतर त्यांतले एकच वाचायचे झाले तर हान्स रोसलिंग यांचे २०१८ सालचे ‘फॅक्टफुलनेस’ वाचावे. आरंभीचे तेरा प्रश्न स्वतः सोडवल्याशिवाय पुढचे पान उलटू नये.

प्रश्न : ही पुस्तके साहेबलोकांसाठी असतात. मी निपाणीत पंधरा बायकांचा बचत गट चालवते. आम्ही काय वाचावे? — एक वाचक, निपाणी

उत्तर : ‘दासबोधा’च्या अकराव्या दशकातील पाचवा आणि सहावा समास गटात मोठ्याने वाचावा, माणसे जोडणे आणि सांभाळणे हाच त्यांचा विषय आहे. रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० साली लिहिलेल्या एका निबंधात पुढाऱ्याची कसोटी दिली आहे : ज्यांची सेवा केली ती माणसे त्यामुळे वाढली का? आपल्या गटात हिशेबाची वही अजून एकटीच्याच हातात असेल, तर ही कसोटी तिथे लावून पाहावी. शिवाय १९८१ साली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्गावर ठिय्या दिला होता. त्यात बसलेले कोणी घरात किंवा गल्लीत असेल तर ती रोजची भाकरी कोण भाजत होते आणि निर्णय कसे होत होते, हे त्यांना विचारून एका वहीत लिहून काढावे.