परीक्षण लिहायला बसलायस ना, मग आधी गाणं ऐक

भावा, त्या गायिकेच्या कार्यक्रमावरचा तुझा कच्चा मजकूर वाचला. चारातले तीन परिच्छेद तिला 'तृतीयपंथी म्हणावं की पारलिंगी' यातच गेले. बाई दीड तास चौंडक्यावर, म्हणजे त्या एका तारेच्या तालवाद्यावर, गात होती, त्याचं काय?

शब्दाचा घोळ एका फोनवर मिटतो. तिलाच विचार, तुमच्याबद्दल काय लिहू? स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवायचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात मान्य केलाय. आपण कोण ठरवणार? यल्लम्मा देवीला वाहिलेला जोगता, हिजडा, ट्रान्स स्त्री, सगळे एका मापात बसत नाहीत. बालगंधर्वांची तुलनाही काढून टाक. ते स्त्रीभूमिका करणारे पुरुष. ही बाईच आहे.

टीका मात्र बिनधास्त कर. दुसऱ्या गाण्यात चौंडक्याची तार एकीकडं, गळा दुसरीकडं, लिही की! 'धाडसाला सलाम' ठोकून सूर झाकू नकोस. मी एकदा दुसऱ्या एका कलाकाराबद्दल असंच गुळमुळीत लिहिलं होतं. रंकाळ्यावर ती भेटली, म्हणाली, "दादा, गाणं ऐकलं न्हवं तुमी?" हातातली भेळ तशीच राहिली.

आणि हो, तुझ्या या गायिकेचं जन्मावेळचं जुनं नाव छापायचं नाही. फोटोखालीसुद्धा.