नव्या गाडीची फाइल

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

दारात दहा टायरचा नवा ट्रक उभा राहिल्याचं तुझ्या वडिलांनी फोनवर सांगितलं. गुडघ्यांमुळे पूजेला येता आलं नाही, पण पहिलं भाडं लासलगावच्या कांद्याचं लागलं हे ऐकून फार बरं वाटलं. हप्ता मोठा आहे, गाडी तू स्वतः चालवणार आहेस, म्हणून वॉरंटीसाठी गाडीचे कागद कसे सांभाळायचे ते या पत्रात सविस्तर लिहितोय. सावकाश वाच.

मी एकोणीस वर्षं वर्कशॉपमध्ये वॉरंटीच्या टेबलावर बसलो. बाहेर फिटर इंजिन खोलायचे आणि आत मी कागद वाचायचो. गाडीवाल्यांना वाटतं, क्लेमचा निकाल रॅम्पवर लागतो. तो लागायचा माझ्या टेबलावर. पार्ट का गेला हे फिटर सांगतो, पण त्याआधी गाडीची निगा वेळेवर राखली होती का, हे कंपनी विचारते. तिथे तू नसतोस, तुझी फाइल असते.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एक मालक आले होते. पिस्टन जॅम, लायनरवर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीवर, उभे ओरखडे. वॉरंटीची मुदत शिल्लक होती. माणूस सरळ होता, ऑइल वेळेवर बदललं म्हणून शपथ घेत होता, आणि मला आजही वाटतं की तो खरंच बोलत होता. त्यांनी डॅशबोर्डवरची प्लास्टिकची पिशवी माझ्यासमोर उपडी केली. मधल्या सर्व्हिसचं बिल थर्मल कागदावरचं होतं, वर्षभर काचेखाली उन्हात पडलेलं. अर्धं काळपट झालेलं, अर्धं कोरं. तारीख नाही, किलोमीटर नाही, गाडी नंबर नाही. दिव्याखाली तिरकं धरून पाहिलं, तरी एक अक्षर लागेना. क्लेम नामंजूर झाला. पावणेदोन लाखांचं काम त्यांनी पदरचे पैसे घालून केलं, आणि तो शेरा माझ्या हातून लिहिला गेला. म्हणून पहिली गोष्ट सांगतो: थर्मल बिल मिळालं की त्याच दिवशी झेरॉक्स काढ, मोबाइलवर फोटो घे आणि मूळ बिल झेरॉक्सला टाचून घरच्या फाइलमध्ये लाव. गाडीत ठेवू नकोस.

बिल घेताना काउंटर सोडण्यापूर्वी ते वाच. गाडी नंबर, चेसिस नंबर, तारीख आणि मीटरचं रीडिंग या चार गोष्टी बरोबर आहेत का बघ. चेसिसचा एक आकडा चुकला तर कागदावर ती सर्व्हिस दुसऱ्याच गाडीची ठरते. मग ऑइलची ओळ बघ. नुसतं ‘इंजिन ऑइल’ चालत नाही, ग्रेड आणि लिटर हवेत. याचं कारण समजून घे. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या, गाड्यांत धुराची काजळी अडवायला डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. अडकलेली काजळी तो गरम होऊन जाळतो, पण ऑइलमधल्या धातूंची राख जळत नाही, ती आतच साठत जाते. म्हणून कमी राखेचं, सीके-४ किंवा कंपनीने पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच ऑइल लागतं. डीपीएफ चोक झाला की टेबलावरचा माणूस आधी ऑइलचं बिल मागतो. आणि पुस्तकात सोळा लिटर असताना बिलावर दहाच दिसले, तर तो तिथेच थांबतो.

युरियाचंही तसंच. सगळे युरिया म्हणतात, पण धुरातले विषारी वायू कमी करायला वेगळ्या टाकीत भरतात ते डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी खनिजं काढलेलं पाणी. शेतातला युरिया बोअरच्या पाण्यात कालवून विकणारे हायवेला भेटतील. स्वस्त पडतं, पण त्यातले क्षार धूर साफ करणाऱ्या एससीआर यंत्रणेच्या कॅटॅलिस्टवर बसतात आणि नोझल तुंबतो. सीलबंद बादली घे, बिल घे, बादलीवरच्या बॅच नंबरचा आणि तारखेचा फोटो काढ. ३५ अंशांच्या उष्णतेत डीईएफ साधारण सहा महिने टिकतं, त्यामुळे उन्हात रचून ठेवलेल्या जुन्या बादल्या घेऊच नकोस. युरियाची सिस्टीम ‘बंद करून देतो’ म्हणणारा मिस्त्री कितीही ओळखीचा असला तरी त्याला बॉनेटला हात लावू देऊ नकोस. तो कायदाही मोडतो आणि तुझी वॉरंटीही घालवतो.

आता वही. मोबाइलमधलं अ‍ॅप वापर, माझी हरकत नाही, पण केबिनमध्ये एक जाड पुठ्ठ्याची वही असू दे. एकदा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा भाग, गेल्याचा क्लेम आला. टर्बोच्या पंख्याची पाती झिजलेली होती, म्हणजे धूळ आत गेल्याचा संशय, आणि धुळीचा क्लेम सहसा टिकत नाही. ड्रायव्हरने वही पुढे केली. एका ओळीत होतं: ‘फिल्टरचा लाल निशाण आला, साक्री, फिल्टर बदलला, ४८,२१०.’ खाली बिलाचा नंबर. पुढे पंधरा दिवसांनी: ‘टर्बोकडून शिट्टीसारखा आवाज, वर्कशॉपला दाखवलं.’ मी त्या तारखेचं जॉबकार्ड, म्हणजे वर्कशॉपने तक्रार आणि काम नोंदवलेला कागद, काढलं, तक्रार तिथेही नोंदलेली होती. मग फिटरने पुन्हा नीट पाहिलं, तर टर्बोच्या आधीच्या होजचा सांधा मुळातच बरोबर बसलेला नव्हता. क्लेम पास झाला. त्या वहीतली पानं आजही डोळ्यांसमोर आहेत: निळी शाई, मग काळी, एका पानावर चहाचा गोल डाग, एक नोंद पेन्सिलने.

अशा वहीवर विश्वास बसतो. एकाच पेनने, एकाच बैठकीत भरलेली वही ओळखायला मला दोन मिनिटं पुरायची. त्यात सगळी रीडिंग वीस हजार, चाळीस हजार अशी गोल असतात, आणि ऑइल बदली म्हणून रविवारी बंद असलेल्या दुकानाची तारीख असते. एखादी नोंद राहिली तर राहू दे. मागाहून भरायची झाली तर आजची तारीख टाकून ‘ही नोंद उशिरा केली’ असं लिही. इंजिनाच्या ईसीएममध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, किलोमीटर, चाललेले तास आणि फॉल्ट कोड साठलेले असतात. वहीतला एक आकडा त्याच्याशी जुळला नाही की बाकीच्या खऱ्या नोंदींवरचा विश्वासही उडतो.

मीटरबद्दल खास सांगतो, कारण यात भलेभले अडकले. मीटर बंद पडला तर ‘पुढच्या फेरीला बघू’ म्हणू नकोस. किलोमीटरचा पुरावाच गेला तर वॉरंटी कशावर मोजायची? त्याच दिवशी कळव. नवा क्लस्टर, म्हणजे डॅशबोर्डवरचा मीटरचा संच, बसवला तर जुन्या क्लस्टरचं शेवटचं रीडिंग जॉबकार्डवर लिहून घे. मधल्या दिवसांसाठी फास्टॅगचं स्टेटमेंट कामी येतं, गाडी कुठल्या तारखेला कुठल्या टोलवर होती ते त्यात दिसतं. दर महिन्याला ते डाउनलोड करून ठेव. माल वजन केल्याच्या वजनकाट्याच्या पावत्याही फाइलला लाव. स्प्रिंगचा पाटा तुटला किंवा अ‍ॅक्सलच्या हाउसिंगला तडा गेला की पहिला आरोप ओव्हरलोडचा येतो, आणि तेव्हा तोंडी उत्तराला कुणी विचारत नाही.

तुझ्या वॉरंटीत वर्षं आणि किलोमीटर यांतलं जे आधी भरेल ते धरलं जातं. सर्व्हिसलाही हाच नियम असतो, आणि लोक नेमके महिने विसरतात. भाडं नाही म्हणून गाडी उभी राहिली, किलोमीटर झाले नाहीत, पण तारीख उलटली. तुझे वडील जुन्या गाडीला पंधरा-अठरा हजारांना ऑइल बदलायचे. तो हिशोब तुझ्या गाडीला लावू नकोस, तुझ्या पुस्तकातलाच आकडा धर.

जॉबकार्डवर तक्रार तुझ्या शब्दांत लिहून घे. ‘जनरल चेकअप’ असं लिहायला लागले तर थांब आणि सांग, की चढाला गाडी ओढत नाही, तिसऱ्या गिअरला पांढरा धूर येतो, असं लिहा. काही सापडलं नाही तरी ‘तपासलं, दोष आढळला नाही’ एवढं लिहून सहीची प्रत घे. मुदत संपल्यावर तोच दोष मोठा होऊन समोर आला, तर तो मुदतीतच सुरू झाला होता हे त्या कागदावरून दाखवता येतं. असा कागद नसल्यामुळे हातातून गेलेले क्लेम मी बरेच पाहिले.

रस्त्यात गाडी बंद पडली तर आधी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन कर आणि तक्रार क्रमांक वहीत लिही. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला इंजिन खोलू देऊ नकोस, ऑइलही काढू देऊ नकोस. त्या ऑइलवरच बऱ्याचदा निदान होतं. इंजिन थंड ठेवणारं कूलंट कमी झालं आणि नाइलाजाने साधं पाणी घालावं लागलं, तर किती लिटर घातलं ते लिही आणि पहिल्या संधीला कूलंट बदलून घे. निव्वळ पाण्यावर चाललेल्या इंजिनाच्या लायनरला बाहेरून टाचणीसारखी भोकं पडत जातात, आणि ती कंपनीच्या दोषात धरत नाहीत.

सगळं करूनही क्लेम फेटाळला तर कारण लेखी माग. मेलवर माग, म्हणजे उत्तरही मेलवर येईल. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा मालक ग्राहक मानला जात नाही, पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला यातून सूट आहे. तू एकटा, एकच गाडी, स्वतः चालवणारा. ५० लाखांपर्यंतच्या किमतीचं प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातं आणि तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तशी वेळ तुझ्यावर येऊ नये. आलीच तर वकील पहिल्यांदा हीच फाइल मागेल.

टायर, बॅटरी यांची वॉरंटी बहुधा त्या-त्या कंपनीची वेगळी असते, त्यांची कार्डं वेगळ्या पाकिटात ठेव. ब्रेक लायनर, क्लच प्लेट, फिल्टर हे झिजणारे भाग, त्यांच्यासाठी भांडण्यात दिवस घालवू नकोस.

पहिल्या सर्व्हिसला नाशिकला येशील तेव्हा गाडी वर्कशॉपला लाव आणि पुस्तक, डिलिव्हरीचे कागद, आतापर्यंतची सगळी बिलं घेऊन घरी ये. पुठ्ठ्याची वही मी आणून ठेवली आहे. काकूने तुझ्यासाठी आंब्याचं लोणचं भरलंय, तेही ने.

तुझा,
काका