नणंदेला ओळखलं नाही, म्हणून मी माणूसघाणी?

तुमचं पत्र वाचलं. एका समारंभात नणंद समोर येऊन हसली आणि तुम्ही विचारलंत, "आपण कोण?" तेव्हापासून तिने अबोला धरलाय. नवरा म्हणतो, तुझं कुणाकडे लक्षच नसतं. लहानपणापासून हे असंच, सिनेमातले दोन नटसुद्धा तुम्हाला वेगळे ओळखता येत नाहीत, आणि आता तुम्ही चारचौघांत जाणंच टाळता. "ताई, मी खरंच माणूसघाणी आहे का?"

नाही हो. तुम्हीच लिहिलंय की नणंदेने नुकतेच केस कापले होते, आणि ती "वहिनी!" म्हणाली त्या क्षणी तुम्हाला ओळख पटली. म्हणजे स्मरणशक्ती शाबूत, जिव्हाळाही शाबूत. इतकी वर्षं तुम्ही तिला लांब वेणीवरून ओळखत होतात. वेणी गेली, खूण गेली.

तुमचं वर्णन प्रोसोपॅग्नोशियाशी, म्हणजे चेहरे ओळखता न येण्याच्या अवस्थेशी जुळतं. हे नाव १९४७ मध्ये जर्मन मेंदूतज्ज्ञ योआखिम बोडामर यांनी दिलं. डोक्याला गोळी लागलेल्या त्यांच्या एका रुग्णाला आरशातला स्वतःचा चेहराही ओळखू येत नसे, पण आवाज ऐकला की माणूस कळे. कसलीही इजा नसताना हे जन्मापासूनही असू शकतं. शंभरात साधारण दोघांना असावं असा अंदाज आहे. नजर चांगली असते, नाक-डोळे स्पष्ट दिसतात, पण त्यांचा मिळून होणारा चेहरा ओळखीचा वाटत नाही. चिंपांझींचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या जेन गुडॉल यांनाही हा त्रास होता. त्यांना कोण माणूसघाणं म्हणेल?

नक्की निदान मात्र क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे चाचणी करूनच होईल, तेवढं करा. मोठेपणी एकाएकी असं झालं असतं, तर लगेच डॉक्टर गाठा म्हटलं असतं.

चाचणीची वाट न बघता नणंदेला भेटा. फोन नको, मेसेज तर नकोच. सांगा, "मला चेहरे लक्षात राहत नाहीत, लहानपणापासूनच. तुला मी वेणीवरून आणि आवाजावरून ओळखते. यापुढे दिसलीस की आधी हाक मार." माफी एकदाच मागा, पुन्हा पुन्हा मागितलीत तर तिला तो गुन्हाच वाटेल. नवऱ्यालाही कामाला लावा. कुणी समोरून येताना त्यांनी हळूच नाव सांगितलं, की तुमची निम्मी धास्ती जाईल.

आणि तुम्ही ओघात लिहिलंय, की मुलगाही मित्रांना दप्तरावरून ओळखतो. तेवढ्यावरून काही ठरत नाही, पण हे घराण्यात चालू शकतं. त्याला "लक्ष कुठे असतं तुझं?" असं कुणी रागावू नये, आणि त्याच्या वर्गशिक्षकांच्याही हे कानावर घाला.