किनारा ६० मीटर आत आला म्हणण्याआधी चित्राची तिथी बघा

उपग्रहाच्या चित्रांवरून काढलेली किनाऱ्याची धूप प्रबंधात कशी मांडायची, हा तुमचा प्रश्न वाचून थांबावंसं वाटलं, कारण नेमक्या याच चक्रातून मी गेले आहे. तुमच्याकडे आहे मालवण तालुक्यातली पुळण (वाळूचा किनारा), लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची १९९० आणि २०२२ ची चित्रं, त्यांच्यावरून काढलेली ६० मीटर धूप. गावातले रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, म्हणतात, "इतकी जावक नाय," एवढी गेलेली नाही. गाईड म्हणतात शीर्षकात हवामानबदल घाला आणि आकडा राष्ट्रीय अहवालाशी जुळवून दाखवा. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याआधीची मोजणी ज्यांच्याकडे आहे ते कार्यालय दाद देत नाही. चित्रं कुठून उतरवायची, जीआयएसमध्ये (संगणकावरच्या नकाशात) रेषा कशी आखायची, हे तुम्हाला येतंच आहे, त्यात जात नाही.

माझं मत स्पष्ट सांगते. या घडीला रापणकरांचं म्हणणं तुमच्या नकाशापेक्षा जास्त विश्वासार्ह आहे.

तुमच्या ६० मीटरची फोड करून बघा. लँडसॅटच्या चित्रातला एक चौकोन ३० मीटरचा, म्हणजे तुमची सगळी धूप दोन चौकोनांत बसते. पुळणीचा उतार चाळिसास एक धरला आणि दोन चित्रांच्या वेळी पाण्याच्या पातळीत दीड मीटरचा फरक असला, तर पाण्याची कड तेवढ्यानेच ६० मीटर सरकते. वाळूचा कण न हलता. तुमच्या पोस्टमध्ये दोन्ही चित्रांच्या वेळची भरती-ओहोटी कुठेच नाही. शिवाय जुनं चित्र एप्रिलचं आहे आणि नवं नोव्हेंबरचं. आपल्याकडे पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात आणि ती हळूहळू परत येते. नोव्हेंबरमध्ये पुळण अजून खंगलेली असते, एप्रिल-मेमध्ये ती भरलेली असते. या दोन महिन्यांची तुलना करून कुठल्याही वर्षी धूप दाखवता येईल.

आता तिथीचं. कोकणात खाडीकाठच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण प्रबंधांत मला ते क्वचितच दिसतं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. लँडसॅट आपल्या किनाऱ्यावरून ठरलेल्या वेळी जातो, साधारण साडेदहा ते अकरा. जुन्या लँडसॅट-५ ची काही चित्रं त्याहून थोडी आधीची आहेत. म्हणजे पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या चित्रात तुम्हाला उधाणाची जवळजवळ पूर्ण भरती दिसते, आणि अष्टमीच्या चित्रात भांगाची, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांतली ओहोटी. उधाणाची खरी ओहोटी लागते पहाटे आणि संध्याकाळी पाचच्या पुढेमागे, ती या उपग्रहाला दिसतच नाही. पंचांग उघडा, दोन्ही तारखांच्या तिथ्या लिहा, आणि तुमच्या ६० मीटरपैकी किती शिल्लक राहतात ते बघा.

हा ठोकताळा आहे, तास-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि जागेप्रमाणे बदलतो. चित्रं निवडण्यापुरता वापरा. प्रबंधात पातळी द्यायची तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं घ्या, किंवा टीपीएक्सओ, एफईएस यांसारख्या जागतिक भरती-प्रारूपांवरून काढा. चित्रासोबतच्या माहितीत वेळ ग्रिनिचची असते, तीत साडेपाच तास मिळवायला विसरू नका.

एक अडचण येईल, आधीच सांगते. उपग्रह दर १६ दिवसांनी त्याच जागी येतो आणि उधाण-भांगाचं चक्र साधारण पावणेपंधरा दिवसांचं असतं. त्यामुळे लागोपाठच्या दोन चित्रांत तिथी थोडीशीच सरकते. महिना एप्रिलच हवा असा हट्ट धरला, तर एखाद्या वर्षी जुळणारी तिथी मिळतच नाही. मग वर्ष सोडा, महिना आणि तिथी सोडू नका. १९९० ऐवजी १९९१ चालेल. २००३ नंतरची लँडसॅट-७ ची चित्रं मात्र टाळा. त्या वर्षी ३१ मेला त्याचा एक भाग बिघडला आणि तेव्हापासूनच्या त्याच्या चित्रांत रिकाम्या पट्ट्या आहेत. त्या काळात लँडसॅट-५ चालू होता, त्याची वापरा. २०१५ च्या पुढे युरोपचा सेंटिनेल-२ उपग्रह आहेच, १० मीटरच्या चौकोनाचा.

टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षण विभागाचे छापील नकाशे, त्यांबद्दल थोडक्यात. १:५०,००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर २५ मीटर. जुनी शीटं एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या मापावर आखलेली आहेत आणि चित्रं डब्ल्यूजीएस-८४ या दुसऱ्या मापावर. रूपांतर नीट झालं नाही तर आपल्या भागात किनारा शंभर मीटरहून जास्त सरकतो. गुगल अर्थवरून रेषा आखू नका, डोळ्यांनी बघायला ठीक आहे. साठच्या दशकातलं काही हवं असेल तर अमेरिकेच्या कोरोना हेर-उपग्रहांचे फोटो १९९५ मध्ये खुले झाले. आपल्या भागाचे स्कॅन झालेले असतील तर फुकट उतरवता येतात.

आता कार्यालय. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझं सर्वात मोठं नुकसान इथेच झालं.

माझ्या अभ्यासाच्या गावात दगडी धूपप्रतिबंधक बंधारा मंजूर झाला होता. मंजुरीआधी पुळणीचे आडवे छेद, म्हणजे जमिनीकडून पाण्यापर्यंतचा उतार, मोजले गेले होते, हे अंदाजपत्रकातच लिहिलेलं होतं. ते छेद मिळाले असते तर माझ्याकडे बंधाऱ्याआधीची खरी, जमिनीवरची मोजणी असती. नाव घेत नाही, पण त्या कार्यालयाने आधी गाईडचं पत्र मागितलं, मग प्राचार्यांचं, मग विद्यापीठाचं. पत्र आवकला पडलं की साहेब दौऱ्यावर. साहेब आले की टेबल बदललेलं. लेखी "नाही" कोणी म्हणत नव्हतं, आणि त्यामुळे पुढे कुठे दादही मागता येत नव्हती. तेवढ्यात पावसाळा आला नि गेला, आणि हिवाळ्यात दगडांचे डंपर आले. जिथे छेद मोजायचे त्या पुळणीवर दगड पडले. मूळ पुळणीचा उतार आता कोणीही, कधीही मोजू शकणार नाही. ही एका प्रबंधापुरती गोष्ट नाही. तो बंधारा उपयोगी पडला की त्याने शेजारच्या वाडीची वाळू नेली, हे ठरवायचा आधारच गेला. बंधाऱ्याच्या टोकाशी धूप वाढते हे किनारा-अभ्यासकांना जुनं माहीत आहे, म्हणून तर आधीची मोजणी जपायला हवी होती.

शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. पहिलं उत्तर: "सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही." अपील केलं, अभिलेखाची पाहणी मागितली, आणि फाईल निघाली. छेद होते. सुबक आखलेले, तारीख घातलेले. मोजणीची वेळ नव्हती आणि पातळी कुठल्या खुणेवरून घेतली तेही नव्हतं. पाण्याची कड दाखवली होती, पण ती कुठल्या पाण्याची हे कागदावरून कळायला मार्ग नव्हता. इतकी वाट बघून हाती आलेला कागद मला परिशिष्टातही घालता आला नाही. सार्वजनिक पैशाने केलेली मोजणी अशी अर्धवट लिहायची आणि मग अभ्यासकापासून लपवायची, याचा मला आजही संताप येतो.

म्हणून सल्ला असा. (मी वकील नाही, नियम बदलत असतात, तेव्हा माहीतगाराला विचारून घ्या.) तोंडी चकरा आजपासून बंद. अर्ज करा, १० रुपयांचा. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत असावा असं आहे, त्यामुळे "धुपीची सर्व माहिती" असं लिहू नका. कामाचं नाव, वर्ष, आणि "बंधाऱ्यापूर्वीचे आडवे छेद व पातळीपुस्तिका" (मोजणीच्या वेळी उंचीच्या नोंदी लिहिलेली वही) असं नेमकं मागा. प्रतींबरोबर पाहणीही मागा, कायद्यात पाहणीचा हक्क आहे. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर अपील. आणि हे सगळं चालू असताना त्या कागदाची वाट बघू नका. तो येईल, न येईल. पुळण थांबत नाही.

येत्या उधाणाला संध्याकाळच्या ओहोटीला स्वतः छेद मोजा. यंत्र लागत नाही. के. ओ. एमरी यांनी १९६१ मध्ये सुचवलेली दोन काठ्यांची पद्धत आहे. दीड-दीड मीटरच्या दोन सारख्या काठ्या, त्यांवर सेंटिमीटरच्या खुणा. एक काठी वरच्या अंगाला, दुसरी ठरलेल्या अंतरावर पाण्याच्या बाजूला. वरच्या काठीमागे उभं राहून खालच्या काठीचं टोक आणि क्षितिजाची रेघ एका ओळीत आणायची. ती नजर वरच्या काठीला टोकापासून जितकी खाली छेदते, तितका उतार. मग काठ्या पुढे सरकवायच्या. आपल्या किनाऱ्यावर समोर मोकळा समुद्र असल्याने क्षितिज स्वच्छ मिळतं. सुरुवात न हलणाऱ्या खुणेपासून करा: विहिरीचा कठडा, देवळाचा चौथरा. सुरूच्या झाडापासून नको. आणि तारीख, वेळ, तिथी तिन्ही लिहा.

मी हे माझ्या बी.ए.च्या मुलांकडून करून घेते. भूगोल शिकवणाऱ्यांनी सहल काढून अहवाल उतरवून घेण्यापेक्षा वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, एकच छेद दरवर्षी मोजून घ्यावा असं माझं ठाम मत आहे. किनाऱ्याजवळच्या प्रत्येक महाविद्यालयाने एक छेद धरला तरी काही वर्षांत जी नोंद तयार होईल ती आज कोकणात कुठल्याही विद्यार्थ्याला सहज मिळत नाही. मुलांना उतार म्हणजे काय हे वाळूत उभं राहून कळतं, हा वेगळा लाभ.

सुरूवरून आठवलं. पाण्याची कड वापरायचीच नसेल तर झाडीची कड आखा. माडबाग किंवा सुरूचं बन भरतीबरोबर हलत नाही, म्हणून ती रेषा जास्त भरवशाची. पण सुरू लावलेले असतात. बन पुढे सरकलेलं दिसलं तर ती वाळूची भर की नवी लागवड, हे गावात विचारा.

हवामानबदलाबद्दल तुमच्या गाईडशी मी असहमत आहे, माझं मत म्हणून घ्या. समुद्राची पातळी वाढते आहे यात शंका नाही. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात उत्तर हिंदी महासागरासाठी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला ३.३ मिलिमीटर असा दर दिला आहे. ३० वर्षांचे होतात १० सेंटिमीटर. चाळिसास एक उतारावर ते नुसतं पाणी चढण्याने ४ मीटर. ब्रून यांच्या १९६२ च्या नियमाने, म्हणजे पातळी जितकी चढेल त्याच्या पन्नास ते शंभर पट किनारा मागे हटतो असं धरलं तरी ५ ते १० मीटर. तुमच्याकडे भरती आणि ऋतू वजा करूनही २०-३० मीटर उरले, तर कारण पातळीवाढीपलीकडे शोधावं लागेल: खाडीतला वाळूउपसा, नदीमुखाची सरक, शेजारचा बंधारा, जेटी. देवबागसारख्या, एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशा चिंचोळ्या पट्टीवर तर मुखाची हालचाल बाजूला ठेवून काही बोलताच येत नाही. शीर्षकात हवामानबदल घातला की वाळूउपसा आपोआप नजरेआड होतो, आणि त्याची किंमत गाव भरतं.

राष्ट्रीय अहवालाशी आकडा जुळवायचाही प्रयत्न करू नका. राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ च्या तुलनेत देशाचा सुमारे एक तृतीयांश किनारा धुपतो आहे असं दाखवलं. ते देशाचं चित्र आहे. तुमच्या दोन किलोमीटरच्या पुळणीने त्याच्याशी जुळलंच पाहिजे असं काही नाही, आणि "बदल त्रुटीच्या मर्यादेत आहे" हाही पूर्ण सन्मानाचा निष्कर्ष आहे. तुमची समिती काय म्हणेल ते मी सांगू शकत नाही, पण त्रुटीचं गणित मांडलेला प्रबंध अडवणं कठीण जातं.

तुमच्याकडे चार चित्रं आहेत म्हणालात, दोनच्याच तारखा दिल्यात. चारींच्या तारखा आणि ग्रिनिच वेळा इथे टाका. तिथ्या आणि अंदाजे पाणी मी काढून देते, म्हणजे कुठली ठेवायची ते आजच ठरवता येईल.