मीठ-साखर कमी केल्यावर जिभेची चव खरंच बदलते का, आणि किती दिवसांत?

तुम्ही लिहिलंय की डॉक्टरांनी सांगितल्यापासून मीठ आणि साखर कमी करून दीड महिना झाला, तरी जेवण घशाखाली उतरत नाही, आणि "हळूहळू चव बदलते" असं लोक म्हणतात ते खरं की नुसता धीर द्यायला. खरं आहे. माझी जीभ इतकी बदलली की त्यापायी चारशे पानांची आमटी बिघडली आणि सख्ख्या भावाशी वाटण्या झाल्या, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आम्ही आचारी. कराडच्या आजूबाजूच्या गावांमध्ये लग्नं, बारशी, वास्तुशांती यांची जेवणं आधी आबा म्हणजे आमचे वडील करायचे, मग दादा आणि मी. आता कार्डावर केटरिंग छापतात पण काम तेच, चूल जाऊन गॅसची भट्टी आली एवढंच. मी आठवी-नववीपासून चव बघायच्या कामावर. पळीतला थेंब डाव्या तळहातावर घ्यायचा, फुंकर मारायची, चाटायचं आणि सांगायचं, अजून अर्धी ओंजळ मीठ. आबा चारचौघांत म्हणायचे की धाकट्याच्या तोंडात तराजू आहे. हे मी मोठेपणा मिरवायला सांगत नाही, पुढचं कळावं म्हणून सांगतोय.

२०१९ च्या फेब्रुवारीत एका वास्तुशांतीच्या कामात घेरी आली. दवाखान्यात बीपी १७० बाय १०५ निघालं. वय तेव्हा ४२. गोळी सुरू झाली आणि मीठ कमी करा म्हणाले. आता कमी म्हणजे किती, तर जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहावं, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, बिस्किट, सगळं आलं. आमच्या घरात डोई त्याच्या दुपटीच्या खाली नसेल. बायकोने त्याच दिवशी भाजी-आमटीतलं मीठ निम्म्यावर आणलं, भाकरीच्या पिठातलं बंद, लोणच्याची बरणी माळ्यावर, आणि चहात दोन चमच्यांच्या जागी अर्धा. मला न विचारता. त्यावर आमचं काय काय बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पहिला महिना तुमच्यासारखाच गेला. आमटी म्हणजे हळदीचं पाणी. घरी जेवायचो आणि कामावर गेलो की मिरचीच्या लोणच्याचा खार बोटाने चाटायचो, आणि घरी येऊन म्हणायचो की पथ्य पाळतोय. तुम्ही पण असं काही करत असाल तर आधी ते बंद करा, कारण मधे मधे जोरदार खारट पोटात जात राहिलं की जीभ खाली यायचं नाव घेत नाही, माझे पहिले चार आठवडे असेच वाया गेले.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात एक दिवस भाकरी गोड लागली. शाळूची साधी भाकरी, सोबत दुधीची भाजी. मला वाटलं बायकोने पिठात काहीतरी घातलं. काही घातलेलं नव्हतं, शाळू गोडच असतो, इतकी वर्षं मिठाखाली ते दबलेलं होतं. मग काकडी, मग मुळ्याचा पाला, मग ताजं ताक मीठ न घालता. आणि गुढीपाडव्याला बहिणीकडे जेवायला गेलो तर तिची आमटी, जी मी दोन वाट्या ओरपायचो, ती एका घासात खारट लागली. मी काही बोललो नाही. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

मे महिन्यात लग्न होतं, दुपारी साडेबाराचा मुहूर्त, चारशे पानं, बुफे नाही तर खाली बसून पंगत. मसालेभात, वांग्याची भाजी, तुरीची आमटी, कोशिंबीर, जिलेबी, मठ्ठा. दादा जिलेबीच्या कढईवर, मी आमटीवर. साधारण ४५ लिटरची आमटी. मीठ ओंजळीने घालत गेलो, नेहमीप्रमाणे थेंब घेत गेलो, आणि एका जागी जीभ म्हणाली, बस. झाली आमटी, मी सांगितलं. दादाने चाखली नाही. वीस वर्षांत माझ्यानंतर त्याने कधी चाखलेली नव्हती.

पहिली पंगत बसली आणि पाच मिनिटांत वाढपी पोरगा मिठाचं वाडगं घेऊन भटारखान्यात आला, मीठ संपलं म्हणून. पंगतीत मीठ संपलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. चिमूटभर मीठ पानाच्या वरच्या अंगाला वाढतात, निम्मे लोक त्याला हातसुद्धा लावत नाहीत. दुसरं वाडगं दिलं, तेही परत आलं. मग नवरदेवाचे मामा स्वतः उठून आले, आचाऱ्याने मीठ विकून खाल्लं का म्हणून विचारायला. मी परत थेंब घेतला. मला मीठ बरोबर लागत होतं. बाहेर दोनशे माणसं अळणी म्हणतायत आणि माझी जीभ सांगतेय बरोबर आहे, पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय ते मला त्या मिनिटाला कळलं. दादाने थेंब घेतला, माझ्याकडे बघितलं, पुढच्या पंगतीसाठी न बोलता मीठ घातलं आणि मग यजमानांच्या समोर म्हणाला, "पथ्याच्या नादात यानं जीभ घालवली." ठरलेल्या पैशातले पाच हजार कापले गेले. त्याचं मला काही वाटलं नाही. ते वाक्य मात्र अजून लागतं.

त्या रात्री मी एक गोष्ट केली. आमटीसाठी मिठाची किलोची नवी पिशवी फोडली होती आणि दादाने आपलं मीठ दुसऱ्या पिशवीतून घातलं होतं, म्हणून माझी उरलेली पिशवी काट्यावर ठेवली. सातशे ग्रॅम भरली. म्हणजे मी घातलं तीनशे, आणि तेवढ्या आमटीला आमचं नेहमीचं साडेचारशेच्या आसपास. तीन महिन्यांत माझ्या जिभेने मिठाचं माप एक-तृतीयांश खाली आणलं होतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे खरं तर हा आकडा.

नंतर मी यावर वाचत गेलो. अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोनेल नावाची संस्था आहे, फक्त चव आणि वास यांवर काम करते. त्यांनी १९८२ साली छापलं होतं की काही लोकांना पाच महिने कमी मिठावर ठेवलं तर त्यांना सूप आणि बिस्किटं कमी मिठाचीच आवडायला लागली. एका आठवड्यात नाही, काही महिन्यांनी. चव ओळखणाऱ्या पेशी जिभेवर दहा-पंधरा दिवसांत नव्या येतात हे तुम्ही वाचलं असेल आणि म्हणून दीड महिन्यात वैतागला असाल, पण पेशी नवीन येणं वेगळं आणि किती खारट म्हणजे बरोबर हे डोक्यात बसलेलं माप बदलणं वेगळं, दुसऱ्याला दोन ते तीन महिने धरा.

साखरेचं मात्र तसं सरळ नाही. त्याच संस्थेने २०१६ मध्ये छापलं की साखर कमी केलेल्या लोकांना तिसऱ्या महिन्यात तेच पुडिंग इतरांपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त गोड लागत होतं, पण आवड काही खाली आली नाही, आणि मोकळीक दिल्यावर ते भराभर पहिल्यासारखं गोड खायला लागले. माझंही तसंच. आता कोणाकडे चहा घेतला तर एकतारी पाक प्यायल्यासारखा लागतो, पण गरम जिलेबी समोर आली की हात जातोच. म्हणून साखरेच्या बाबतीत जीभ सुधारेल आणि मग आपोआप सुटेल अशी वाट बघू नका, ती घरात कमी आणा. चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे, इथेच तीस-पस्तीस ग्रॅम साखर झाली. आणि गूळ, काकवी, मध असली पळवाट काढू नका, गुळात बहुतेक साखरच असते, रंग वेगळा आहे म्हणून शरीर फसत नाही. सैंधवाचंही तेच, ते मीठच आहे, शिवाय साध्या पिशवीतल्या मिठात आयोडीन घातलेलं असतं ते त्यात असेलच असं नाही.

दादाचं म्हणणं काय होतं, तर आचाऱ्याची जीभ हे त्याचं भांडवल, ती लोकांसारखीच राहिली पाहिजे, आणि भट्टीपुढे घाम गाळणाऱ्याला मीठ लागतंच. मी पण त्याच भट्टीपुढे उभा असतो. जीभ गेली असती तर मला शाळूचा गोडवा कळला नसता, शिळ्या खोबऱ्याचा खवट वास दादाच्या आधी कळला नसता, आणि तो कळतो, आजही पोरं माझ्याकडे खोबरं हुंगायला आणतात. माझं फक्त मिठाचं माप लोकांच्या मापापासून सरकलं होतं. त्याला उपाय काटा आहे. ४५ लिटर आमटीला अमुक ग्रॅम, संपलं, जिभेला विचारायचंच कशाला.

यावर दादा म्हणाला की काट्यावर स्वयंपाक होत नसतो. मी त्याला आईची आठवण करून दिली. पुरणावरणाचा नैवेद्य आई एक कण तोंडात न टाकता करायची, कारण देवाआधी चाखायचं नाही, आणि कटाच्या आमटीत मीठ कधी कमी-जास्त झालेलं मला आठवत नाही. तिची मूठ म्हणजेच काटा होता. दादा म्हणाला, आईची गोष्ट वेगळी. वेगळी कशी ते त्याने सांगितलं नाही, दिवाळीनंतर भांडी वाटून घेतली, मोठे टोप त्याच्याकडे गेले, भट्ट्या माझ्याकडे.

तुमच्यासाठी कामाचं असं की घरातल्या सगळ्यांचं मीठ एकदम निम्मं करायला जाऊ नका, आमच्या घरी त्याने भांडणं झाली. आठवड्या-आठवड्याला थोडं थोडं कमी करा. आंबट वाढवा, आमसूल, चिंच, वरून लिंबू, आणि लसूण-जिऱ्याची फोडणी जरा कडक द्या, खोबरं-तीळ नीट खमंग भाजा, भाजलेल्या वाटणाला मीठ कमी लागतं हा माझा रोजचा अनुभव आहे. मी पंगतीच्या आमटीत आता ४०० ग्रॅमच घालतो, आमसूल थोडं जास्त, आणि दोन-तीन सीझन झाले, मिठाचं वाडगं कधी परत आलेलं नाही. पंगतीत बसणाऱ्यांमध्ये बीपीच्या गोळ्या घेणारे किती असतात ते बघा. ज्याला जास्त हवं त्याच्यासाठी पानावर मीठ आहेच, जुन्या लोकांनी ते त्यासाठीच ठेवलं असावं असं मला वाटतं.

एक राहिलं, आणि हे आधी लिहायला हवं होतं. सगळंच बेचव लागण्याचं कारण दर वेळी मीठ नसतं. शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तोंडाला धातूसारखी चव येते काही जणांच्या, आणि सर्दीने नाक बंद असलं तरी जेवण मातीच लागतं. दुसरं, दुकानात लो सोडियम मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असणाऱ्यांना आणि बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते धोक्याचं आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, माझी अजून चालू आहे, फक्त निम्म्या डोसवर आली.

गेल्या वर्षी दादालाही बीपी निघालं, वहिनींकडून कळलं. तुमचा प्रश्न वाचला तेव्हा पहिल्यांदा तोच डोळ्यांपुढे आला, त्याचाही दीड-दोन महिन्यांचा हाच काळ गेला असणार आणि त्याला सांगायला कोणी नसणार. आमची पुतणी इथे वाचते, म्हणून लिहून ठेवतो. आबांची हिशेबाची वही वाटणीत माझ्याकडे आली, लाल कापडी पुठ्ठ्याची. त्यात आमटीच्या पानावर लिहिलंय, १०० पानांस मीठ २ छटाक. म्हणजे चारशे पानांना ८ छटाक, अर्धा शेर, आजचे साधारण ४६५ ग्रॅम. आबा मीठ मोजून घालायचे, दादा. थेंब आपल्याला द्यायचे ते शिकवायला. वही कपाटात आहे, कधीही येऊन बघ, जेवायलाच ये, तुझ्या पानातलं मीठ वेगळं ठेवेन.